शिवेपलीकडची कवायत

गेडीवर स्थिर उभं राहता येत नाही. ज्याला हे माहीत नाही त्यानं आमच्या गावच्या कवायतीबद्दल तोंड उघडू नये, असं माझं आजही म्हणणं आहे. दोन बांबू, दोन्हींना गुडघाभर उंचीवर दोरीनं आवळलेला पावठा, पावठ्यावर पाय, पायाचा अंगठा आणि बाजूचं बोट यांच्यात बांबू धरलेला, की झाली गेडी. चढलात की चालत राहायचं. चालायचं नसेल तर जागच्या जागी टक-टक, टक-टक पाय उचलत राहायचं. थांबलात की पडलात, आणि पडलात की चिखल तोंडात.

आमचं गाव चिमूरपासून पाच कोसांवर, तलावाच्या पाळीखाली. आम्ही जातीचे ढिवर. बा डोंगा घेऊन तलावात जाळं टाकायचा. माय मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची, आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवण्याला जायची. गावात शाळा होती चौथीपर्यंत. चौथीत मुलगी एकच, ती मी. अकरा वर्षांची, काळी, उंच, आणि तोंडानं फाटकी. बायका मायला म्हणायच्या, “हिच्या तोंडाले कुलूप लाव वं बाई, नाई तं हिले कोन नेईन?” माय म्हणायची, “चाबी हरपली.”

त्या वर्षी माझं काय होणार हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. चौथी संपली की पोट्टे चिमूरला जात, कुणा नातेवाइकाकडे राहून पाचवी करत. पोरीला कोण पाठवणार? बानं एकदाच सांगितलं होतं, आणि बा एकदा सांगायचा तेव्हा ते पुरे असायचं.

“पाचवी गावात आली तं शिकजो. नाई आली तं दिवाईनंतर वैनगंगेपल्याडचे पाहुने येऊन राह्यले. पोरगा चांगला हाये म्हनते.”

चांगला असेल बापडा! मला तो नकोच होता. मला पाचवी पाहिजे होती. पाचवीत इंग्रजी असते असं कळलं होतं, आणि ती एबीसीडी आपल्याला येत नाही याचा मला इतका राग होता की मी रोज रात्री जेवताना बासमोर तोंड फुगवून बसत असे. बा काटा काढलेली मासळी माझ्या ताटात टाकायचा आणि आपलं जेवू लागायचा.

पाचवीसाठी अर्ज मात्र झाला होता. तो आमच्या नव्या गुरुजींनी केला होता. गुरुजी वऱ्हाडाकडचे, ऐन तारुण्यातले, व्यायामाचा उन्हाळी वर्ग करून आलेले. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खाकी अर्धी चड्डी. मोठ्या माणसानं चड्डी घालून फिरावं याचं गावाला इतकं हसू आलं की पहिले आठ दिवस शाळेच्या खिडकीबाहेर नेहमी दोन-तीन म्हातारे उभे असत. गुरुजींना राग येत नसे. माणूस भला होता.

त्यांनी आम्हाला सांगितलं, “पोळ्याच्या आधी डिप्टीसाहेब येणार. शाळा तपासणार. पाचवी द्यायची की नाही ते त्यांच्या हातात. आणि लक्षात ठेवा, साहेब कवायतीचे वेडे आहेत. ज्या शाळेची कवायत चांगली तीच शाळा चांगली, असं ते मानतात.”

झालं! म्हणजे माझी पाचवी अडकली कवायतीत.

आणि कवायत करायची कुठं, तर आखरावर. सकाळी गावची गुरं रानात जायच्या आधी जिथं जमतात ती जागा म्हणजे आखर. शाळेसमोर तेवढीच काय ती मोकळी जमीन. एका बाजूला तलाव, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या. श्रावणातल्या पावसात दीडशे गुरांनी रोज तुडवलेलं आखर कसं असतं ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. पहिल्या दिवशी गुरुजींनी शिट्टी फुंकली आणि ओरडले, “दाहिने मुड!” आमची कमरेवरची अंगं उजवीकडे वळली. पाय राहिले तिथंच. चाळीस पोट्टे पिळलेल्या धोतरासारखे उभे. “आगे बढ!” म्हटल्यावर पुढची ओळ सगळीच्या सगळी तोंडावर. आम्हाला वर काढायला गुरुजी धावले, तर त्यांचा एक पांढरा बूट चिखलानं जो गिळला तो त्या वर्षी परत दिला नाही.

गुरुजी शाळेच्या ओट्यावर एका बुटानं बसले. चेहरा असा की आता रडतात. मला वाईट वाटलं, पण माझं वाईट वाटणंही तोंडातून भांडणासारखंच निघतं.

“गुरुजी, तुमाले दिसत नाई काय? थ्या भिंतीले पाहा ना!”

भिंतीला चाळीस जोड्या गेड्या टेकवून ठेवलेल्या होत्या. जिवतीच्या अमावास्येला आमच्याकडे गेड्या करतात, आणि पोळ्यापर्यंतचा महिना गावातलं कुठलंही पोर जमिनीवर पाय ठेवत नाही. शाळेत गेडीवर, तलावावर गेडीवर, दुकानात गूळ आणायला गेडीवर. पोरींनी चढू नये असं म्हणणारे होते एक-दोघं. पण चिखल पोरींनाही तेवढाच लागतो, असं मायनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

गुरुजींनी गेड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा गेड्यांकडे.

“यांच्यावर कवायत होईल?”

“काऊन नाई होनार?”

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. अहाहा, काय दिवस होते ते! शिट्टी वाजली की चाळीस पोरं उड्या मारून वर. पावठ्याच्या दोरीवर आम्ही रॉकेलचे दोन थेंब टाकत असू, त्यानं गेडी चालताना कर्र-कर्र बोलते. ऐंशी बांबू एकदम कर्र करून डावीकडे वळले की तलावावरचे बगळे उडायचे. “आगे बढ” जमलं. “पीछे मुड” जमायला चार दिवस आणि माझ्या पुढच्या पोट्ट्याचा एक दात लागला. दात दुधाचा होता, त्याच्या मायनं तक्रार केली नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट सलामी. सलामीला एक हात कपाळावर न्यायचा, आणि गेडीवर दोन्ही हात बांबूला. हात सोडला की खेळ खलास. मी हट्टाला पेटले. पाळीवर एकटी जाऊन आठ दिवस पडत होते. मग सापडलं. उजवा बांबू कोपराच्या घडीत घट्ट दाबायचा, अंग जरा डावीकडे टाकायचं, आणि हात झटकन वर नेऊन झटकन खाली. चार वेळा पाय वाजेपर्यंतच जमतं, पण जमतं! गुरुजींनी मला पुढं उभं केलं आणि सगळ्यांना माझ्याकडून शिकायला लावलं. माझ्यापेक्षा मोठे पोट्टे चिडले. चिडा म्हटलं.

फक्त “सावधान” काही होईना. गुरुजी “सावधान” म्हणायचे आणि आम्ही टक-टक, टक-टक. शेवटी त्यांनीच ठरवलं, आपल्या शाळेत सावधान म्हणजे टक-टक.

मग नाल्याला पूर आला. गावाच्या शिवेवरूनच नाला वाहतो, आणि तो चढला की गाव बेट होतं. साहेबांचा निरोप आला की पोळ्याच्या आधी येणं जमत नाही, पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी येतो. गुरुजी खूश झाले. “सरावाला आणखी आठ दिवस मिळाले,” म्हणाले.

आता इथं जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला, गावची इडापिडा वाहून नेणाऱ्या राक्षसिणीला, शिवेबाहेर घालवायचं. पहाटे सगळं गाव ओरडत शिवेपर्यंत जातं, “रोगराई, खोकला-खासी घेऊन जाय वो मारबत!” आणि त्या दिवशी सगळ्या गेड्या शिवेबाहेर नेऊन मोडून टाकायच्या. एकही गेडी गावात राहिली तर जायला निघालेली रोगराई तिच्यावर बसून परत येते. हे आमच्याकडे रांगत्या लेकरालाही माहीत. म्हणूनच गुरुजींना कुणी सांगितलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी कुणाला सांगतं का?

चाळीस पोरांना ठाऊक होतं की साहेब पोळ्यानंतर येणार. चाळीस पोरांना हेही ठाऊक होतं की पोळ्यानंतर गेडी नसते. दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहिल्या फक्त मी, कारण पाचवी माझी अडली होती.

मारबतीच्या पहाटे सगळे ओरडत निघाले. मी मागे राहिले आणि माझी गेडी घरामागच्या पडवीत, जुन्या जाळ्यांच्या ढिगाखाली लपवली. मग रिकाम्या हातानं पळत जाऊन गर्दीत मिसळले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत आले आणि भिंतीकडे बघतच राहिले.

“गेड्या कुठे आहेत?”

“मोडल्या ना गुरुजी,” सगळे एका सुरात.

“मोडल्या? का?”

“पोळा झाला ना!”

गुरुजी खुर्चीवर बसले. मग उठले आणि फळ्यावर गणित लिहू लागले. त्या गणितात त्यांची स्वतःचीच चूक झाली. ती मी दाखवलीसुद्धा नाही, एवढी मी गप्प होते.

आणि त्या संध्याकाळी माझ्या तान्ह्या भावाला ताप भरला. अंग असं तापलेलं की माय त्याला पोटाशी धरून बसली तर तिला घाम फुटला. रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, मारबत आमच्या पडवीत जाळ्यांवर पाय पसरून बसलीय. उजाडलं तसं मी मायपाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं. मार बसणार हे ठरलेलंच होतं, मी पाठ फिरवूनच उभी होते.

मायनं मारलं नाही. तिनं लेकराला बाच्या हातात दिलं, जाळ्यांखालून गेडी ओढून काढली, फाटक्या जाळ्यात गुंडाळली आणि मला म्हणाली, “चाल.”

पाऊस बारीक पडत होता. आम्ही नाल्यापर्यंत गेलो. पूर उतरला होता, पाणी मांडीपर्यंत. पलीकडे जाऊन मायनं गेडी मोहाच्या झाडाला टेकवली. मोडली नाही.

“मोड ना माय!” मी रडायला लागले. “थो मरन ना!”

“चूप बस. शिवेच्या आत ठेवू नये, येवढं मले माईत हाये. मोडाचीच असते का, ते इचारतो.”

विचारायचं एकाच माणसाला. गावात एक आजा होता, सगळ्यांचाच आजा, मारबतीच्या पुढे चालण्याचा मान त्याचा. परतताना माय सरळ त्याच्या अंगणात शिरली. ओलं लुगडं, हातात माझं मनगट.

“आजा, गेडी शिवेभाईर नेली, पन मोडली नाई, तं चालते का?”

आजानं बिडी विझवली. थोटूक कानावर ठेवलं.

“शिवेच्या आत नको,” तो म्हणाला. “भाईरचं मले काय इचारतं? भाईर मारबतीचं राज. तिले चालत असन तं चालन.”

“अन भाईरच नवी केली तं?”

आजानं मायकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि हसला. तोंडात दोनच दात. “तू कोनत्या वकिलाच्या घरची वं?”

घरी आलो तर बा दारात उभा. लेकरू त्याच्या खांद्यावर, बाचाच कान चावत होतं. ताप उतरला होता. बानं त्याचा ओठ वर करून आम्हाला दाखवलं. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा दात.

मला हसू की रडू कळेना, दोन्ही केलं.

पण माय आता थांबणार नव्हती. ती घरोघर फिरली. साहेब येणार होते त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, गावातले बाप नाला ओलांडून गेले आणि शिवेपलीकडच्या बांबूत शिरले. माझा बा सगळ्यात पुढे. माणसं पावसात बसून बांबू तासत होती, दोऱ्या आवळत होती, आणि एकमेकांना चिडवत होती. “तुह्या पोट्ट्याचा पावठा भल्ला उंच केला गा, पोट्टा चढन का आभाळात?” मोठी-मोठी माणसं, स्वतः गेडीवर चढून तपासून पाहत होती आणि पोरांच्या आधी तीच खेळत होती. गुरुजी नाल्याच्या काठावर उभे राहून हे सगळं पाहत होते. त्यांनी चष्मा पुसला. पाऊस होता, पण चष्मा पावसामुळं पुसला असं मला वाटलं नाही.

साहेबांना सांगायला कारण तयार होतंच. शाळा साहेबांच्या स्वागताला शिवेवर आली आहे! यात खोटं काय?

सकाळी नाल्यापलीकडच्या पडीत बांधीत आम्ही चार ओळींत उभे, म्हणजे टक-टक. गाव नाल्याच्या अलीकडच्या काठावर जमलेलं. चिमूरच्या वाटेनं छकडा आला. छकड्यात साहेब. अंगानं भरलेले, डोक्यावर टोपी, हातात छत्री, पायात लांब काळे बूट. त्यांनी मान वर केली. छकड्यातून पाहूनही त्यांना मान वर करावी लागत होती.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“शाळा, साहेब,” गुरुजी म्हणाले.

साहेब कवायतीचे वेडे म्हणतात ते खोटं नव्हतं. गुरुजींची शिट्टी वाजायच्या आधीच ते छकड्यात उभे राहिले आणि गरजले, “सावधान!”

टक-टक, टक-टक, टक-टक.

“सावधान म्हणतोय मी!”

टक-टक, टक-टक.

साहेबांचा चेहरा लाल झाला. “ही काय शिस्त? सावधानचा अर्थ माहीत आहे का? एकालाही स्थिर उभं राहता येत नाही?” आणि तावातावानं त्यांनी छकड्यातून खाली उडी मारली.

बांधी होती ती. गुडघ्यापर्यंत आत गेले. एक पाय उचलायला गेले तर दुसरा आणखी खोल. मग हलणंच बंद. छत्री उघडीच, हात दोन्ही बाजूंना, मान ताठ.

गुरुजी पांढरे पडलेले. आणि माझी पाचवी तिथंच चिखलात बुडताना मला दिसत होती. गप्प बसायला पाहिजे होतं. पण मायनं चाबी हरवली होती ना!

“साहेब,” मी वरून म्हणाले, टक-टक करत, “गेडीवर थांबलं का पडते मानूस. खाली उतरून उभं राह्यलं का असं होते. आता इथी सावधान फक्त तुमीच हाये.”

छकडेवाल्यानं तोंड फिरवलं. गावाकडच्या काठावरून कुणीतरी बाई फिस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. साहेबांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग आमच्या चाळीस हलत्या मुंडक्यांकडे पाहिलं. त्यांचं पोट आधी हललं. मग खांदे. मग ते असे हसले, असे हसले की छत्री हातातून पडली.

“घ्या गुरुजी,” ते तसेच चिखलात उभे राहून म्हणाले, “घ्या तुमची कवायत. मी सावधानच आहे.”

शिट्टी वाजली. दाहिने मुड, कर्र. बाएँ मुड, कर्र. आगे बढ, आणि आम्ही चार ओळींनी साहेबांना मधे घेऊन पुढे गेलो, दोन ओळी या बाजूनं, दोन त्या बाजूनं, आणि पलीकडे परत जुळलो. एकही पडलं नाही. शेवटी सलामी. कोपरात बांबू दाबला, हात कपाळाला, टक-टक-टक-टक, हात खाली. चाळीसच्या चाळीस. साहेबांनी चिखलातून सलामी घेतली, खरीखुरी.

मग त्यांना बाहेर काढायचं काम. चार माणसांनी ओढलं. साहेब निघाले, डावा बूट नाही निघाला. तेव्हा माझा बा पुढे झाला. तलावाच्या गाळातून मरळ मासा हातानं चाचपून धरणारा माणूस तो. खांद्यापर्यंत हात चिखलात घातला, डोळे मिटले, चाचपलं आणि बूट वर काढला. उलटा करून पाणी ओतलं. पण दिला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला.

“ती बोलणारी मुलगी कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“माही हाये साहेब.”

“शिकवा तिला.”

“शिकवतो ना,” बा म्हणाला. “गावात पाचवी आली का शिकवतो. भाईर नाई धाडत.” आणि बूट तसाच छातीशी.

मी गेडीवरून पाहत होते. ज्या माणसानं मला एकदा सांगून विषय संपवला होता, तो माझ्यासाठी सरकारी बूट अडवून उभा होता. मला तेव्हाच बाच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण टक-टक थांबवता येत नव्हती.

साहेब एका पायावर, छकड्याला धरून. “अरे, दिली पाचवी बाबा. आज लिहून टाकतो. बूट दे.”

बानं बूट आधी धोतराला पुसला, मग दिला.

सगळं गाव साहेबांना घेऊन हसत-ओरडत नाला उतरून गेलं. पोट्ट्यांनी जाण्याआधी आपापल्या गेड्या मोडल्या. कट-कट आवाज झाला आणि बांबूंचा ढीग मोहाखाली पडला. माझी तेवढी राहिली. ती मी परत झाडाला टेकवली होती, आणि माय झाडाखाली रिकामी टोपली घेऊन उभी.

“मोड,” ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, “थांब. कोनी हाये का वं इथी?”

मी पाहिलं. “कोनी नाई.”

तिनं लुगड्याचा कासोटा घट्ट केला, गेडी सरळ धरली आणि चढली. माझी माय! जिला मी कधी धावतानासुद्धा पाहिलं नव्हतं. पहिली दोन पावलं डगमगली. तिसऱ्या पावलाला गेडीला ओळख पटली असावी. ती बांधीच्या त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, जोरात आली, हसत आली. तिचे सगळे दात दिसत होते. माझ्यासमोर येऊन तिनं बांबू कोपरात दाबला आणि हात कपाळाला नेला. चार वेळा टक-टक, आणि हात खाली. मी आठ दिवस पडून शिकले होते ते.

“तुले कसं येते माय?”

“पाळीखालून पाहत नव्हती का मी रोज?” ती खाली उतरली. दम लागला होता. “तुह्याएवढी होती मी, अकराची. लगन ठरलं तवा माह्या बापानं माही गेडी मोडली. थे पोळ्याच्या आधी मोडली. मी भल्ली रडली होती.”

तिनं माझी गेडी पायाखाली धरून कट्कन मोडली आणि ढिगावर टाकली.

“दिवाईचे पाहुने आले का मी सांगतो त्याईले, पोरगी पाचवीत हाये म्हनून.”

“पाचवी अजून उघडली कुठी?”

“उघडन. तुह्या बानं साहेबाचा बूट सोडला नाई, मी तुले सोडन का?”

मायनं टोपली डोक्यावर घेतली आणि नाल्यात पाय घातला. मी मागे होते. पाणी स्वच्छ झालं होतं, आणि तिच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांजवळ बांबूचे ताजे, लाल वळ दिसत होते. मी माझे पाय पाहिले. माझेही वळ अगदी तिथंच होते.